वस्तादांचे मार्क

पहिल्या दिवशी रंगा वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मी निघेपर्यंत वळवलंच नाही.

"मामा, मॅडम आल्यात व्यायाम घ्यायला," त्यांची सून शालन दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवत ओशाळून म्हणाली, "वाचा गेली तवापासनं असंच हाय. समदं कळतंय त्यांस्नी. पर बगत न्हाईत कुणाकडं."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मूळची संगमेश्वरची. फिजिओथेरपीची पदवी घेऊन सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात लागून मला चार महिने झाले होते. दवाखान्यातर्फे आठवड्यातून तीन दिवस मी खेड्यापाड्यांत घरभेटींना जायची. बोरजाई हे त्यातलं शेवटचं गाव. रंगराव थोरवत, वय पासष्ट, संक्रांतीनंतर अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू आणि वाचा गेली, एवढंच माझ्याकडच्या कागदावर लिहिलेलं होतं. ते पहिलवान होते, गावच्या तालमीचे वस्ताद होते, म्हणजे दोन पिढ्यांना त्यांनी कुस्ती शिकवली होती, हे मला त्यांच्या कानांवरून आणि शालनच्या बोलण्यातून कळलं. दोन्ही कान मोडलेले, सुकलेल्या अंजिरासारखे. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात आणि मुंबईला जातात.

दोन आठवडे मी गेले. त्यांचा उजवा हात उचलायची, वळवायची, ठेवायची. पाय वाकवायची, सरळ करायची. ते करू देत, पण जणू दुसऱ्याच कुणाचं सामान मी हलवते आहे अशा चेहऱ्याने. एकदा मी म्हटलं, "वस्ताद, माझ्याबरोबर म्हणा, एक, दोन, तीन." त्यांनी ओठ आवळून घेतले. आयुष्यभर पोरांकडून हजार-हजार बैठका मोजून घेतलेल्या माणसाला मी बालवाडीत बसवत होते, हे घरी परतताना माझ्या लक्षात आलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या तीन महिन्यांत काय परत यायचं ते सगळ्यात जास्त येतं. महिनाभर बघ. पेशंट साथ देत नसेल, तर ती वेळ दुसऱ्या कुणाला दे." त्यात चूक काही नव्हतं. बोरजाईच्या वाटेवर आणखी दोन गावं वाट बघत होती. आणि खरं सांगायचं तर, मी चिपळूणच्या एका दवाखान्यात नोकरीसाठी अर्जही लिहून ठेवला होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी गेले, तर खाटेशेजारी दोन म्हातारे बसले होते. एक होते भोसले गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मांडीवर लांबट वही. दुसरे इलाहीभाई मुल्ला, गावचे शिंपी. पंचक्रोशीतल्या सगळ्या तालमींचे लंगोट तेच शिवायचे.

"तुमचं चालू द्या, मॅडम," गुरुजी म्हणाले. "आम्ही एका बाजूला बसतो."

मी वस्तादांचा पाय हातात घेतला. पलीकडे दोघांचं बोलणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात माझे कान तिकडे लागले. बोरजाईच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. जत्रा कमिटी एक पुस्तिका काढणार होती, मैदानातल्या दहा अविस्मरणीय कुस्त्यांची. कमिटीने त्या निवडल्या असत्या तर गावात भांडणं लागली असती. म्हणून काम गुरुजींकडे आलं. गुरुजींनी साठ कुस्तीशौकीन निवडले, प्रत्येकाने निदान तीस जत्रा बघितलेल्या. प्रत्येकाने प्रत्येक कुस्तीला दहापैकी मार्क द्यायचे आणि गुरुजींनी सरासरी काढायची.

"एकोणऐंशी सालची ट्रॅक्टरची कुस्ती," गुरुजींनी वाचलं. "सरासरी नऊ पूर्णांक दोन."

"धा पायजे हुती," इलाहीभाई म्हणाले. मग मला समजावून सांगायला लागले, "मॅडम, दिवस मावळला तरी कुस्ती निकाली हुईना. लोकं हलंनात. मग चार ट्रॅक्टर लावलं कडंनं, आन् त्यांच्या दिव्यात झाली बगा कुस्ती. माझा मावसभाऊ हुता त्यात."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घशातून निघालेला, तुच्छतेचा. मी वर पाहिलं. वस्तादांचा चेहरा भिंतीकडे नव्हता. त्यांनी डावा हात उचलला होता, आणि माशी हाकलावी तसा तो हवेत झटकून त्यांनी खाली टाकला.

तीन आठवड्यांत त्यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट होती.

"गुरुजी," मी म्हटलं, "वस्तादांचे मार्क घेतलेत का तुम्ही?"

इलाहीभाई हळू आवाजात म्हणाले, "त्यांचं कसं घ्येनार?"

मी पाय खाली ठेवला आणि वस्तादांच्या समोर जाऊन बसले. वाचा गेलेल्या माणसाला हवा तो शब्द सापडत नाही, पण लहानपणापासून पाठ झालेली माळ, आकडे, वार, आरती, कधीकधी आतून आपसूक सुटते, असं मी कॉलेजात शिकले होते. पुस्तकात वाचलं होतं. होताना कधी पाहिलं नव्हतं.

"वस्ताद, या लोकांनी ट्रॅक्टरच्या कुस्तीला नऊ दिलेत. तुमचे किती? एकपासून म्हणत चला. जिथे थांबाल, तेवढे मार्क गुरुजी लिहितील."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गुरुजींच्या वहीकडे. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा हलले.

"ए... क," ते म्हणाले. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. "दोन. तीन."

आणि तोंड मिटून घेतलं.

"तीन?" इलाहीभाई म्हणाले. "वस्ताद, तीनच?"

वस्तादांनी डोळे मिटले. निकाल लागला होता. दाराशी शालन उभी होती, हात पिठाने भरलेले. तशाच हातांनी तिने पदर डोळ्यांना लावला. गुरुजींनी वहीत तीन लिहिलं.

त्या दिवसापासून सौदा ठरला. प्रत्येक कुस्तीमागे दहा वेळा गुडघा वाकवायचा, दहा वेळा कंबर उचलायची, मग मार्क. मी एका भेटीत दोनच कुस्त्या होऊ द्यायची. वस्ताद कडक परीक्षक निघाले. एका कुस्तीला चार. एकीला दोन. दोघा मेव्हण्यांची अठ्ठावन्न सालची बरोबरीत सुटलेली कुस्ती सगळ्यांनी शेवटी ढकलली होती, तिला त्यांनी नऊ दिले आणि इलाहीभाईंना विचार पडला. "का बरं?" ते दोन दिवस स्वतःलाच विचारत होते. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "बराबर हाय. त्या कुस्तीत कुणी टायमपास केला न्हवता."

सौद्यानंतरच्या तिसऱ्या भेटीपर्यंत वस्ताद आधाराशिवाय खाटेच्या कडेला बसू लागले. उजव्या मांडीत जीव येत होता. उजवा हात मात्र तसाच, मुठीत आवळलेला. मोठ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "चालू ठेव."

मग वस्तादांच्या स्वतःच्या कुस्तीची पाळी आली. एकाहत्तर साली त्यांनी पंजाबच्या एका नावाजलेल्या पहिलवानाला बेचाळिसाव्या मिनिटाला अस्मान दाखवलं होतं. साठांपैकी साठ जणांनी तिला दहा दिले होते. गुरुजी वाचताना ताठ बसले.

वस्ताद मोजत गेले. "सहा. सात. आठ." थांबले.

"आवं, तुमचीच कुस्ती हाय," इलाहीभाई म्हणाले.

वस्तादांनी मान हलवली. आठ म्हणजे आठ.

दहा कुस्त्या पुऱ्या झाल्या त्या दिवशी गुरुजींनी वही मिटली. "झालं, वस्ताद. उपकार झाले. आता छपाईला देतो."

वस्तादांनी मान हलवली. नाही.

"झाल्या की सगळ्या," गुरुजी म्हणाले.

वस्तादांनी डाव्या हाताने वही ओढली आणि तिच्यावर थाप मारली. एकदा, दोनदा. चेहरा लाल झाला. मला वाटलं, ते थकलेत, रक्तदाब वाढेल. "आज पुरे," मी म्हटलं, आणि त्यांना आडवं करायला गेले. त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. पासष्टीतल्या, अर्ध्या अंगाने लुळ्या माणसाच्या त्या कोपरात एवढा जोर होता की मी दोन पावलं मागे गेले.

मग त्यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तो उचलून पालथा धरला, आणि सावकाश उलटा करून गोधडीवर टेकवला. तळवा वर. त्यांनी ते पुन्हा केलं. छाती. उलटा तळवा.

गुरुजी आणि इलाहीभाई एकमेकांकडे पाहत राहिले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही," गुरुजी म्हणाले.

"लवट्यांची कुस्ती म्हणत्यात," दारातून शालन म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मामा चितपट झाल्याली."

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली-वर केली. होय.

शेवटी गुरुजींनी वही उघडली, नवं पान घेतलं. पेनने ओळ आखली, फूटपट्टी नसतानाही सरळ. "शहाऐंशी साल," ते लिहिताना मोठ्याने म्हणाले. "रंगराव थोरवत विरुद्ध बिरू लवटे. मार्क?"

वस्तादांनी डावा हात वर केला. एकेक बोट उघडत ते मोजू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पंजा पुरा झाला. मग त्यांनी खाली आपल्या उजव्या मुठीकडे पाहिलं. खांद्यातून जोर लावला. मूठ गोधडीवरून उचलली गेली, वीतभर. त्या हाताने तोवर काहीच केलं नव्हतं. मूठ उघडेना. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा धरून तो सोडवला. "सहा." मग पहिलं बोट. "सात." प्रत्येक बोट पुन्हा आवळायला बघत होतं आणि ते त्याला दाबून धरत होते. "आठ. नऊ." करंगळी शेवटी. कपाळावर घाम साचला होता.

"दहा," ते म्हणाले.

अंगणात लिंबाखाली गुरुजींनी मला ते सगळं सांगितलं. बिरू लवटे हा धनगराचा मुलगा. बाराव्या वर्षी वस्तादांच्या तालमीत आला, आठ वर्षं तिथेच राहिला, वस्तादांच्याच ताटात जेवला. शहाऐंशीच्या जत्रेत वस्तादांची शेवटची कुस्ती ठरली होती. वय बेचाळीस, त्यानंतर ते लंगोट उतरवणार होते. समोरचा ठरलेला पहिलवान आलाच नाही. पंधरा हजार माणूस बसलेलं. कमिटीने ऐन वेळी बिरूला पुढे केलं. पोरगा चार हात खेळेल, मग पडेल, वस्ताद मानाने मैदान सोडतील, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"तिसऱ्या मिनिटाला त्याने वस्तादांना ढाकेवर मारलं," गुरुजी म्हणाले. "म्हणजे पाठीवरून उचलून आपटलं. तो डाव वस्तादांनीच त्याला शिकवलेला. पाठ सपाट मातीला. हलगी थांबली, मॅडम. पंधरा हजार माणूस गप. वस्ताद उठले, अंगावरची माती झटकली आणि त्याला म्हणाले, उद्यापासून माझ्या तालमीची पायरी चढायची नाही. तेवीस वर्षं झाली. तो गेला आटपाडीकडे. तिथे त्याची स्वतःची तालीम आहे. पण इथे त्याचं नाव कुणी काढत नाही. या साठ शौकिनांपैकी एकानेही त्या कुस्तीचं नाव सुचवलं नाही. मीही नाही."

"मग आता त्यांना बोलवा," मी म्हटलं.

"येईल का तो? आणि पत्ता तरी कुठे आहे आपल्याकडे."

इलाहीभाई इतका वेळ पायाच्या अंगठ्याने माती कोरत होते. "माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "नंबर बी हाय."

गुरुजींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"लंगोट शिवतो मी त्याच्या तालमीचं. ईस वर्सं. कुणाला बोललो न्हाई." इलाहीभाईंनी मान वर केली. "आन् दर खेपेला एकच इचारतोय तो. वस्तादांचं गुडघं कसं हाईत."

गुरुवारी दहाच्या सुमाराला मी पोहोचले, तेव्हा बिरू लवटे अंगणात उभे होते. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. चपला काढलेल्या, पण पाय पायरीखालीच. इलाहीभाई त्यांच्या शेजारी.

"आत चला की," शालन म्हणाली.

"त्यांस्नी म्हनू द्या," ते म्हणाले.

वस्तादांना आकडे येत होते, माळेतले. बाकी एक शब्द येत नव्हता. 'पाणी' हवं असलं तरी ते बोट दाखवायचे. मी आत गेले, त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. दारातून ते दोघे एकमेकांना दिसत होते. मधे वीसेक फुटांचं अंतर.

वस्तादांचं तोंड उघडलं. मिटलं. त्यांनी डावा हात पुढे केला, पण बिरू लवटे हलले नाहीत. मला त्या माणसाचा रागच आला. एवढं दिसत नाही का याला, असं वाटलं. वस्तादांचा जबडा हलत होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी हलकेच म्हटलं, "एक म्हणा, वस्ताद. एकपासून सुरू करा."

त्यांनी मान हलवली. आकडा नको होता त्यांना.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो आला, भाकरीच्या तुकड्यासारखा घशात अडकून.

"ये."

बिरू लवटे आत आले. खाली बसून त्यांनी वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. वस्तादांचा डावा पंजा त्यांच्या मानेवर पडला, पहिलवान समोरच्याची मान धरतो तसा, आणि तिथेच राहिला. शालनने चुलीवर चहा ठेवला. थोड्या वेळाने बिरू लवट्यांनी मला विचारलं, "ह्यांला उभं करायचं म्हंजे कुठं धरायचं?"

मी दाखवलं. काखेतून, कमरेमागून. त्यांनी एकदाच पाहिलं आणि धरलं. झटक्यानंतर पंचावन्न दिवसांनी रंगा वस्ताद आपल्या दोन पायांवर उभे राहिले. डावा पाय थरथरत होता, उजवा त्याहून जास्त. मी घड्याळाकडे बघायला विसरले.

इकडे गुरुजींपुढे पेच होता. साठ शौकिनांनी मार्क दिलेल्या कुस्त्या एकीकडे, आणि ही कुस्ती एकाच माणसाच्या मार्कांची. "वस्तादांचे दहा आहेत, म्हणून तिला पहिला नंबर देता येणार नाही," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." मला तो हट्टीपणा वाटला. पण वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्या माणसाने सहा दिवस सायकलवरून उन्हात पुन्हा साठ घरं पालथी घातली. काहींनी दार उघडून नुसतं ऐकलं आणि म्हणाले, आमचं नाव नको त्यात. काहींनी पाच दिले, बहुतेकांनी मात्र नऊ-दहा. एकाने विचारलं, वस्तादांनी किती दिले? गुरुजींनी ते सांगायचं नाकारलं. पेपर फुटतो म्हणाले. सहाव्या दिवशी सरासरी निघाली. आठ पूर्णांक सात. नंबर तिसरा.

वस्तादांना सांगितलं तेव्हा ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने ओढल्यासारखं हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

चैत्री पुनवेच्या जत्रेला मी पहिल्यांदा मैदान पाहिलं. लाल मातीचा हौद, चारी बाजूंना उतारावर बसलेली माणसं, हलगीचा ताल छातीत वाजणारा. वस्तादांना अगदी पुढे खुर्ची ठेवली होती. निवेदकाने पुस्तिकेतल्या दहा कुस्त्या एकेक करून वाचल्या. तिसऱ्या नंबरला तो किंचित थांबला. मग त्याने दोन्ही नावं वाचली, निकालासकट. मग उताराच्या वरच्या टोकाकडून कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती खाली पसरत आली.

दुपारी बिरू लवट्यांच्या तालमीतल्या दोन मुलींची कुस्ती लागली. बोरजाईच्या मातीत मुलींनी उतरायची ती पहिलीच वेळ. लोक आधी हसत होते, पाचव्या मिनिटानंतर हसेनासे झाले. कुस्ती निकाली झाली तेव्हा गुरुजी सवयीने वाकून म्हणाले, "वस्ताद, किती?"

"सात," वस्ताद म्हणाले.

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्या लक्षात आलं नाही. वस्तादांनी एकपासून सुरुवात केली नव्हती. त्यांना आकडा हवा होता आणि तो त्यांना सापडला होता, एकटा, माळ न ओढता. मी तिथून उठले आणि मागे उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि एवढ्या लोकांत ते बरं दिसलं नसतं.

बिरू लवटे तिथेच होते, मुलींसाठी रस सांगत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पेला माझ्याही हातात दिला.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही पडला असतात तर सगळं नीट राहिलं असतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं?"

"म्हाईत हुतं की," ते म्हणाले. "पडायचं ठरवूनच उतरलो हुतो मी. सैल खेळत हुतो. वस्तादांनी एका झटक्यात वळखलं. मान धरली माझी आन् कानात बोलले, बिरू, खरी खेळ. सैल हात लावलास तर आठ वर्सं मातीत गेली म्हनीन." ते थांबले. "मग खेळलो."

हलगीचा आवाज वाढला होता. 

"हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? तेवीस वर्षं?"

"सांगून काय, मॅडम. वस्ताद खोटं पडलं असतं."

"आता सांगा. मी गुरुजींना सांगते, ते लिहून ठेवतील."

"नगं." त्यांनी रिकामा पेला गाड्यावर ठेवला. "त्यांस्नी बोलता यिऊ द्या. त्यांचं त्ये सांगतील, सांगायचं आसलं तर." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "यील न्हवं बोलता?"

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, प्रयत्न करत राहायचं.

"येईल," मी म्हटलं.

चिपळूणचा अर्ज मी टाकलाच नाही. बोरजाईला मी आणखी दोन वर्षं जात राहिले. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग नुसतीच. वस्ताद काठी घेऊन चालू लागले. उजवा हात शेवटपर्यंत आखडलेलाच राहिला, पण शब्द येत गेले, एकेक, मधल्या जोडणीशिवाय. पाणी. शालन. ऊन. बिरू लवटे दर रविवारी मोटारसायकलवरून यायचे आणि गावच्या तालमीत पोरांकडून मेहनत करून घ्यायचे. वस्ताद भिंतीला टेकून बसून बघायचे.

दीड वर्षानंतरच्या दिवाळीतली एक सकाळ. पोरं दंड-बैठका संपवून घाम पुसत होती. गुरुजी होते, इलाहीभाई नव्या लंगोटांचं गाठोडं घेऊन आले होते, मी वस्तादांचा गुडघा बघायला म्हणून थांबले होते. बिरू लवटे हौदात फावड्याने माती उकरत होते. वस्ताद काठी टेकून उठले आणि त्यांनी हात वर केला. पोरं गप्प झाली.

"मी," वस्ताद म्हणाले. पुढचा शब्द यायला वेळ लागला. "शहाऐंशी. मी. कानात." त्यांनी हौदाकडे काठी केली. "म्हणलो. खरी खेळ."

गुरुजी सावकाश उठून उभे राहिले.

"बिरू. खेळला," वस्ताद म्हणाले. आता ते धापा टाकत होते. मी पुढे झाले, पण त्यांनी काठीनेच मला थांबवलं. "मी. फिरलो."

बिरू लवट्यांनी मान वर केली नाही. फावडं एकदा मातीत गेलं, ढेकूळ उलटलं, फुटलं. मग ते तसेच पाठमोरे म्हणाले, "बसा आता, वस्ताद. दमला असचाल."

"न्हाई," वस्ताद म्हणाले, आणि उभेच राहिले.